दुकानातला समुद्र

कानाचा पडदा फाटला आणि तीस वर्षं पाणबुड्याचं काम केलेल्या माणसाला डॉक्टरांनी पाण्यात उतरायला साफ मनाई केली. घरी नुसते बसून राहिलेल्या वडिलांना लेकीने शेवटी ओढतच गेमच्या दुकानात नेलं. विक्रेतीने गाड्यांची शर्यत दाखवली, मग लढाई. ते वैतागले. "पोरखेळ आहे हा. चल घरी." विक्रेती हसली. "काका, तुम्हाला बघायला काय आवडतं?" ते पुटपुटले, "समुद्राचा तळ." तिने दुसरा गेम लावून कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. भिंतीएवढी स्क्रीन निळी झाली. ते खोल उतरत गेले, उजेड विरत गेला, आणि अंधारातून एक अवाढव्य देवमासा येऊन त्यांच्याकडे बघत थांबला. समुद्रात असा त्यांना कधीच भेटला नव्हता. "काका, हाच गेम देऊ?" विक्रेतीने विचारलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल, पोरी. तो बिचकेल."