शुभेच्छुक

"बापू, वरची खोली रिकामीच हाय न्हवं?" तालमीच्या फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकानं, रणधीरनं विचारलं. बापूंच्या कपाळावरचा गुलाल अजून तसाच होता. दुपारच्या सामन्यात संघातल्या नायजेरियन ओबिन्नानं विजयी गोल मारल्यावर त्यांनीच त्याला खांद्यावर घेऊन मैदानभर नाचवलं होतं.

बापूंनी रणधीरच्या मागं उभ्या असलेल्या ओबिन्नाकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गोल मारायला लाखात एक माणूस हाय रं. पण घरात लेकीसुना हायत. हॉटेलात ठेव की!"

"हॉटेलवाल्यानं असंच कायतरी सांगून आज भाईर काढलंय."

"आरं, चौकात फ्लेक्स कुणी लावलाय त्याचा? म्याच न्हवं?"

"मग त्याच्यावरच झोपवतो त्याला!" रणधीर कडाडला.

तो तरातरा चौकात गेला. दोऱ्या तोडून त्यानं फ्लेक्स खाली ओढला आणि बापूंच्या दारासमोर अंथरला. त्यावर 'पेठेचा वाघ' ओबिन्नाशेजारी शुभेच्छुक बापू हात जोडून हसत होते. सगळी गल्ली गोळा झाली.

"खोली उघडेपर्यंत आमी दोघं हितंच," रणधीर म्हणाला.

फोटोतल्या बापूंवर पाय पडेल म्हणून ओबिन्नानं बसण्याआधी बूट काढले. रणधीरनं काढले नाहीत.