समोरचा आवाज

शेजारीण इनेकेच्या वाढदिवसाला खुर्च्या डच रिवाजाप्रमाणे गोल मांडल्या होत्या. वृंदानं त्याच रिवाजानं एकेकाशी हात मिळवत, वाढदिवस इनेकेचा असला तरी, सगळ्यांचं अभिनंदन केलं, केकची बशी घेतली आणि बसली. हॉलंडमधल्या या न्यूनेन गावात आल्यापासून अशा गोलात ती नुसती हसत बसत आली होती. चार माणसं एकदम बोलायला लागली की तिच्या कानात सगळ्याचा काला व्हायचा.

आज मात्र कानामागे नेहमीचं श्रवणयंत्र नव्हतं. तिनं स्वतः प्रयोगशाळेत घडवलेलं होतं. एक चिमुकली माशी अंधारात रातकिड्याचा आवाज ऐकते आणि नेमकी त्याच्यावर जाऊन बसते. तिच्या कानाचे दोन पडदे एका बारीक दांडीनं जोडलेले असतात. त्या माशीचा पिच्छा पुरवून वृंदानं तसाच पडदा बनवला होता. जिकडे तोंड करावं, तिकडचाच आवाज उचलणारा. श्रीकांतला तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. फसलं असतं तर तो पुन्हा समजूत घालत बसला असता, आणि नवऱ्याच्या समजुतीचा तिला आताशा वीट आला होता.

तिनं तोंड फिरवलं. शेजारच्या आजोबांच्या गुडघेदुखीची कहाणी शब्दन्‌शब्द ऐकू आली. इतकी कंटाळवाणी, की तिला आनंदानं रडू फुटेलसं वाटलं.

मग तिनं समोर पाहिलं. खोलीच्या त्या टोकाला इनेके श्रीकांतशी डचमध्ये बोलत होती.

"आमच्या सायकलच्या गटात वृंदाला विचारू का? दर वर्षी तू नको म्हणतोस."

"राहू दे," श्रीकांत मायेनं म्हणाला. "तिला माणसांत यायला आवडत नाही. घरीच बरी असते ती."

वृंदाच्या हातातला चमचा थांबला. तिला कुणी विचारत नाही, असंच ती आजवर धरून चालली होती. त्यापायी किती रविवार ती खिडकीशी रडली होती.

"मला आवडतं," ती डचमध्ये म्हणाली. टीव्हीवरची अक्षरं वाचून शिकलेली भाषा. आवाज जरा जास्तच चढला. "मी येईन."

गप्पा थांबल्या. सगळे तिच्याकडे वळले. इनेके हसली.

श्रीकांत हसला नाही. तो जागचा हललाही नाही. तिथूनच, ओठ जेमतेम हलवत, त्यानं मराठीत विचारलं,

"कधीपासून ऐकू येतंय तुला?"