तहकूब सभा

धर्मादाय दवाखान्याच्या सभेला आजही सचिव आणि विश्वस्त नंदलाल पटले असे दोघेच आले. पुरेसे सभासद नाहीत म्हणून सभा तहकूब करून, अर्धा तास वाट पाहून सचिवांनी कामकाज सुरू केलं.

"दोघांची कायची सभा?" नंदलाल तडकले. "बाकीच्यायले येऊ द्या ना!"

"काका, नियमच आहे. तहकूब सभेले कोरम लागत नाही."

नंदलाल तणतणतच घरी आले.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली. घरोघरी पाहुणे आले. पुण्याहून दोन्ही लेकं येणार म्हणून नंदलालच्या बायकोनं, मुन्नीबाईनं, सुना-नातवंडांसकट सगळ्यांची ताटं मांडली. दुपार टळल्यावर फोन आला, या वर्षीही जमत नाही. तरी नंदलाल अर्धा तास दारात बसून राहिले.

आत मुन्नीबाई एकेक ताट उचलत होती.

ते पाटावर येऊन बसले. "वाढ वो, आन् तूबी बस. तहकूब सभेले कोरम लागत नाही."