शब्द : पारंपरिक

गाणं संपलं तरी आईचा इस्त्रीचा हात थांबला नाही.

दवाखान्याच्या लॉन्ड्रीत दुपारची वेळ. धुतलेल्या चादरींचा ढीग आईच्या कमरेपर्यंत आला होता. मुलीने फोन टेबलाच्या कडेला ठेवला होता आणि त्याच्या काचेवर वाफ धरली होती. तिने ती बाहीने पुसली. मुलगी एका रॉक बँडची गायिका होती आणि हे त्यांचं पहिलंच गाणं. शुक्रवारी ते बाजारात येणार होतं. कार्यक्रमांत मात्र ते वर्षभर गाजत होतं. ध्रुवपद आलं की अख्खा हॉल तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडायचा, "हात का सोडलास?" आई एकाही कार्यक्रमाला आली नव्हती. कानठळ्या बसतात म्हणायची.

आजही मुलगी गाणं ऐकवायला म्हणून आलीच नव्हती. गाणं काढणाऱ्या कंपनीचा एक कागद भरायचा राहिला होता. संगीत, वादन, सगळं लिहून झालं होतं. शब्दांच्या रकान्यात तिने 'पारंपरिक' लिहिलं होतं, कारण गाणं एका लोककथेवर होतं आणि ती कथा आईने लहानपणी सांगितलेली. पण कंपनीतल्या बाई चोख होत्या. त्यांनी लोककथांच्या एका अभ्यासकाला विचारलं. त्याला अशी कथा कुठल्याच संग्रहात सापडली नाही. तेव्हा कुठल्या भागातली, कुणाकडून ऐकली, एवढं आईला विचारून या, असा निरोप आला. बाहेर गाडीत बसलेला ड्रमर म्हणाला होता, सरळ नदीचीच सही घेऊन ये, भानगड मिटेल.

कथा एवढीशीच होती. एका बाईला दोन मुली. पूर येतो. बाई दोघींना घेऊन पाण्यात उतरते. मधोमध नदी तिला अडवते. म्हणते, दोघींना नेऊ देणार नाही, एक मला दे. बाई पलीकडे पोचते तेव्हा तिच्याजवळ एकच मुलगी असते. संपली गोष्ट. लहानपणी मुलगी दर वेळी विचारायची, बाईने हात का सोडला? आई म्हणायची, झोप आता. पुढे बँडला ध्रुवपद सुचेना, तेव्हा तोच प्रश्न तिच्या तोंडून निघाला. गिटारवाल्याने त्याखाली तीन सूर धरले आणि गाणं उभं राहिलं.

आईने चादरीची घडी मोडून पुन्हा घातली. लोक ते खरंच ओरडतात का, असं तिने विचारलं. मुलगी म्हणाली, हो, तेच तर सगळ्यांना आवडतं. किती लोक असतात? मागच्या खेपेला चारशे तरी असतील. आज चारशे चादरी आल्यात असं कुणी सांगितल्यावर हलवावी, तशी आईने मान हलवली.

"कुणी सांगितली होती तुला ही गोष्ट?" मुलीने विचारलं.

"कुणी नाही."

आईने इस्त्री उभी करून ठेवली आणि बोलायला लागली. उद्यापासून कामाची पाळी बदलली आहे, हे ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात. पूर खरा होता. सकाळी घरात छातीएवढं पाणी चढलं. वडील कामावर, नदीच्या त्या बाजूला. समोरच्या चढावर शाळा होती, तिथवर पोचायचं होतं. रस्ता ओलांडायचा, बस एवढंच. धाकटी बारा दिवसांची, साडीच्या तुकड्याने छातीशी उंच बांधलेली. मोठी सहा वर्षांची, हाताला धरलेली. वर्षभरात वडीलही गेले. मग आईने ते गाव सोडलं, आणि विचारणारं कुणी उरलं नाही. नदीने काहीच मागितलं नव्हतं, आई म्हणाली. नदी कशाला बोलेल? ते मागाहून घातलं. गोष्ट म्हणून सांगितलं की सांगता येतं.

मुलगी उभी होती. आपल्याला आता काहीतरी होईल, याची ती वाट पाहत राहिली. काही झालं नाही. पलीकडे धुलाईचं यंत्र फिरत होतं.

"मी नाही सोडला हात," आई म्हणाली. "तिनेच सोडवून घेतला. म्हणाली, आई, तू बुडतेयस. माझं एकेक बोट सोडवलं तिने."

पुढची चादर मोठी होती, एकटीला आवरणारी नव्हती. मुलीने दोन टोकं धरली, आईने दोन. दोघी मागे सरल्या, चादर ताणली, पुढे आल्या. टोकं जुळवताना आईची बोटं तिच्या बोटांना लागली. गरम होती. अशा तीन चादरी झाल्या. बाहेर ड्रमरने हॉर्न वाजवला, थोड्या वेळाने पुन्हा वाजवला. आपल्याला हॉर्न ऐकू येतोय, हे मुलीला कळत होतं. एवढंच कळत होतं.

मग तिने पिशवीतून कागद काढला. टेबल दमट होतं, म्हणून तो घडी केलेल्या चादरीवर ठेवला. 'पारंपरिक'वर एक सरळ रेघ मारली.

आई म्हणाली, राहू दे की, लोकांना काय करायचंय.

मुलगी म्हणाली की गोष्ट जिची आहे, तिचंच नाव तिथे हवं. मोठीचं. पेनचं टोक रकान्यावर टेकवून तिने वर पाहिलं.

"काय नाव होतं तिचं?"

आईने इस्त्री पुन्हा हातात घेतली. बोटाला पाणी लावून तिची धग पाहिली.

"तुझंच," आई म्हणाली. "तुझं तेव्हा ठेवायचं राहिलं होतं."