दोन दातांची घोडी

रिम्शाच्या स्क्रीनवर आता एकच लाल ओळ उरली होती. महिन्याभरापूर्वी तीनशे बारा होत्या.

शहाद्याच्या त्या दोन टेबलांच्या ऑफिसात घोड्यांच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचा नोंदणी प्रोग्राम सांभाळला जाई. हेमकांतभाऊंनी तो पाच वर्षांपूर्वी पीएचपी या संगणकाच्या भाषेत लिहिला होता आणि त्यात औषधालाही टीप नव्हती. रिम्शाने कोड न चालवताच चुका लाल ओळींत दाखवणारं टूल लावलं. प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर आत काय येतं, बाहेर काय जातं, तेही लिहून काढलं. भाऊ चिडवत, "कोड लिही, निबंध नको." आज पाचला नोंदणी सुरू होणार होती. तोवर लाल ओळी शून्य झाल्या नाहीत, तर जुनाच कोड चढणार आणि तिचा महिना पाण्यात.

"ती एक ओळ दाबून टाक," भाऊ म्हणाले. "पाच वर्षांत काही बिघडलं का?"

पण रिम्शा हट्टाला पेटली होती. टूल म्हणत होतं, वयाच्या जागी आकडा हवा, इथे अक्षरं येतात. तिने मागच्या वर्षीच्या नोंदी उघडल्या आणि हसतच सुटली. घोड्याचं वय आपल्याकडे कोण वर्षांत सांगतं? तोंड उघडायचं, दात मोजायचे! रकान्यात लोकांनी तेच भरलं होतं: '4 दात', '6 दात'. एकाने '2 दात'. पीएचपीने निमूटपणे दोनाचा आकडा उचलला. दोन पक्के दात म्हणजे घोडी खरं तर तीन वर्षांची. प्रोग्रामने ती दोनाची धरली आणि वय कमी म्हणून बाद केली.

रिम्शाने दातांवरून वर्षं काढणारं फंक्शन लिहिलं, वर टीप दिली. लाल ओळी शून्य! भाऊंनी नवा कोड चढवला आणि चहाही सांगितला. तिला आकाश ठेंगणं झालं.

त्याच आनंदात तिने घोडीच्या मालकाची माफी मागायला नोंदीतला नंबर लावला, तोही स्पीकरवर. नंबर पाहताच भाऊ दोन्ही हातांनी नको नको करू लागले, पण पलीकडे फोन उचलला गेला होता.

"काका, मागच्या वर्षी तुमची घोडी चुकून बाद झाली. चूक प्रोग्रामची होती."

"काय बी सांगस पोरी! ते काम मंडळना त्या प्रेमचंदनंच. वरीसभर मी त्यानासंगे बोलेल नही. प्रोग्राम कसा चुकी? तो मन्हा हेमकांतनी लिखेल शे!"

भाऊ फोनवर वाकले. "आबा, पेढा ल्या. आपले प्रेमचंदकाकाकडे माफी मांगाले जानं शे."