थोपटलेली वाळू

माती तपासायच्या प्रयोगशाळेत मामांच्या हाताला तोड नव्हती. साच्यात ओली वाळू भरली की ते बाहेरून हलकेच थोपटत, बाळाला झोपवावं तसं. वाळू दबून बसे. मग यंत्रानं भूकंपासारखे शंभर हादरे दिले तरी ती जागची हलत नसे. सत्तावीस वर्षांत त्यांचा एकही नमुना ढासळला नव्हता.

मामांच्याच नमुन्यावरून मंजूर झालेली नदीकाठची शाळा भूकंपात खिडक्यांपर्यंत जमिनीत गेली, तेव्हा इंजिनिअर बाईंनी तिथली वाळू पुन्हा मागवली.

"मामा, दाणे गोल आहेत, सगळे एका मापाचे. जमिनीत सैलच बसलेले असणार. तसेच भरा."

"सैल भरलं की काम अर्धवट टाकल्यासारखं वाटतं, बाई."

"तिथं तिला कोण थोपटत होतं?"

मामांनी वाळू भरली. सवयीनं हात साच्याकडे गेला, तो त्यांनी खिशात घातला. यंत्र सुरू झालं. नवव्या हादऱ्याला वाळू पाण्यासारखी पातळ झाली.

मामांनी यंत्र बंद केलं. मग मामांनी कपाटातून आपली नमुन्यांची जुनी वही काढून बाईंपुढे ठेवली.

"यात आणखी चारशे बारा इमारती आहेत," ते म्हणाले. "अजून तरी सगळ्या उभ्या आहेत."