कियूमर्सचा नववा घाणा

बिअरचा एक घोट घेऊन तूबा खानुमने ग्लास खाली ठेवला आणि मुलाकडे बघितलं.

"पोरा, हे ज्या गाढवाचं आहे ना, त्याला आधी डॉक्टरकडे ने."

कियूमर्स खूश झाला. त्याने खिशातून वही काढली. "म्हणजे नक्की काय बिघडलंय, मामान?"

"लोणच्याचा वास मारतोय."

बरोबर होतं. ज्या पिंपात त्याने बिअर आंबवली होती, त्यात आधी काकडीचं लोणचं होतं. पिंप तीनदा धुतलं होतं, पण लोणचं कसलं हटतंय. त्याने लिहिलं : दुसरा घाणा, पिंप बदलणे.

अठ्ठावीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा माणूस. शिराझमध्ये घरोघरी चोरून द्राक्षाची दारू करतात, म्हणून याने जवाची बिअर करायला घेतली. चारचौघांसारखं वागायचं नाही, ही खोड जुनीच. जव भिजवून गच्चीवर चादरीवर पसरले, मोड आणले, ओव्हनमध्ये वाळवले. कडवटपणासाठी जी फुलं लागतात, ती आमच्याकडे जडीबुटीवाला झोपेचं औषध म्हणून विकतो. याने एकदम किलोभर मागितली. "आगा, एवढे दिवस डोळ्याला डोळा नाही का?" जडीबुटीवाल्याने कळवळून विचारलं.

पहिला घाणा शेजारच्या इंजिनियर इरजने प्यायला होता. डोळे मिटून तो म्हणाला होता, "आगा कियूमर्स, तुमचे हात कधी न दुखोत! जर्मनीतसुद्धा अशी मिळायची नाही." हा ताआरुफ झाला. पाहुण्याने तोंड भरून वाखाणायचं आणि यजमानाने ते मनावर घ्यायचं नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. रसायनशास्त्राच्या मास्तरांनी मात्र ते खरं धरलं आणि इरजला आणखी चार बाटल्या घरपोच दिल्या. पुढे महिनाभर इरज जिन्यात मास्तरांना बघून मागे वळत असे.

तेव्हा कुठे कियूमर्सच्या डोक्यात प्रकाश पडला. गोड बोलणारे गावभर होते. अशानं तो शिकणार कसा? खरं बोलणारं माणूस एकच, आई. वय एक्याऐंशी, मूत्रपिंडात खडे, डॉक्टरांनी जवाचं पाणी प्यायला सांगितलेलं. कसलं जवाचं पाणी, ते कियूमर्सने डॉक्टरांना फार खोदून विचारलं नाही. आणि पोटच्या पोराशी कसला आलाय ताआरुफ? तो परक्यांसाठी असतो.

मग दर घाण्याची पहिली बाटली जुन्या पुस्तकांच्या पिशवीत लपवून शुक्रवारी दुपारी आईकडे जाऊ लागली. तिसऱ्याला ती म्हणाली, "बेकरीतलं फडकं पिळलंस का यात?" त्याने पावाचं यीस्ट सोडून दुसरं मिळवलं. चौथ्याला म्हणाली, "हे सॅलडवर ओत." उन्हाळ्यात पिंप तापून बिअर आंबट होत होती. त्याने पिंप न्हाणीघरातल्या टबात, गार पाण्यात नेऊन ठेवलं. त्याची बायको फरंगीस दोन महिने अंघोळीला बहिणीकडे जात होती.

जन्मात आईने त्याची कधी तारीफ केली नव्हती. शाळेत तो पहिला आला, तेव्हा तिने विचारलं होतं, "वर्गात मुलं किती?" आता पन्नाशी उलटली, डोक्यावर केस उरले नाहीत, तरी या बाईच्या तोंडून एकदा "बरी आहे" एवढं निघावं, म्हणून तो जिवाचा आटापिटा करत होता. त्याची त्याला लाज वाटायची, पण इलाज नव्हता.

"कियू, मामानकडे जरा नीट लक्ष दे," फरंगीस एकदा म्हणाली. "काल मला तीनदा विचारलं, जेवलीस का म्हणून. गॅसही तसाच चालू होता."

"वय झालं गं तिचं. आत्ता थांब, फेस धरतोय."

सातव्या घाण्याला आईने एकच शिवी दिली. आठव्याला एकही नाही. नुसती ग्लासाकडे बघत बसली. कियूमर्सने वहीत लिहिलं : प्रगती.

नववा घाणा मात्र खरोखरच जमला. रंग मधासारखा, फेस दाट, वास स्वच्छ. कियूमर्सने स्वतः चाखून पाहिली आणि स्वतःवरच संशय घेतला. शुक्रवारी तो आईकडे गेला, तेव्हा तिने त्याला बैठकीच्या खोलीत, चांगल्या सोफ्यावर बसवलं. तिने ग्लास हातात घेतला. एक घोट, दुसरा, तिसरा. सगळा ग्लास संपला.

"वा!" ती म्हणाली. "हात कधी न दुखोत. जीव थंड झाला."

कियूमर्सच्या डोळ्यांत पाणीच आलं. "खरंच?"

"म्हणजे काय! एवढ्या उन्हाचं आपण आलात, या घराचं भाग्य."

तो वही काढत होता. त्याचा हात खिशातच राहिला.

तूबा खानुमने खांद्यावरची ओढणी उचलून पांढऱ्या केसांवरून नीट ओढून घेतली, परक्या पुरुषासमोर घेतात तशी. मिठाईची बशी त्याच्यापुढे सरकवली. मग थोडी पुढे वाकून, आवाज खाली आणून म्हणाली,

"आमचा कियूमर्सही करतो हो घरी. फार जीव टाकतो बिचारा, पण हाताला चवच नाही. आपल्याला सवड झाली, तर त्याला एकदा शिकवाल का?"